आधी चेचा, मग रचा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलूया तुराट्या आणि पऱ्हाट्यांबद्दल, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्यांबद्दल, आणि त्यांच्या खताबद्दल. काढणी झाली की या काड्या बांधावर पडून राहतात आणि एके संध्याकाळी कुणीतरी त्यांना आग लावतं.

आपल्या इंदूरला 1924 साली, आज कृषी महाविद्यालय आहे तिथे, एक संशोधन संस्था उभी राहिली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड, आणि रसायनाचं काम यशवंत वाडांकडे. दोघांचं पुस्तक 1931 मध्ये आलं आणि ‘इंदूर पद्धतीचं’ खत जगभर गेलं. हॉवर्डसाहेबांचं नाव अजून निघतं; वाडांचं मात्र इथल्या मराठी मंडळींनाही सांगावं लागतं. असो.

तर त्या संस्थेत तुराट्या-पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जायच्या. हे मी सुदामानगरातल्या आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांचं शेत सांवेरकडे. रविवारी पाहतो तर ट्रॉलीभर तुराट्या गल्लीत पसरलेल्या!

समोरच्या वहिनी म्हणाल्या, “काका, होळीला अवकाश आहे.”

“वहिनी, तुम्ही फक्त स्कूटर यावरून न्या.”

दूधवाला कडेकडेनं गेला. पोरं मात्र कडकड आवाजासाठी मुद्दाम सायकली घालायची. सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला. “बाबूजी, ये सब उठाना है?” काका हात पसरून आडवे! “उठाना नहीं भैया, बस गाडी आगे-पीछे करो!” आणि त्यानं केली की हो! गल्ली गॅलरीत उभी. आठवड्याअखेर तुराटी चिमटीत धरली तर तंतू सुटत होते.

हे कशासाठी? अखंड तुराटीच्या टणक सालीतून ना पाणी आत शिरतं, ना बुरशी. चेचली की आधी बुरशी घुसते, मागाहून जिवाणू. म्हणून आधी चेचा, मग रचा. काडीत कर्ब म्हणजे कार्बन भरपूर, नत्र म्हणजे नायट्रोजन कमी. म्हणून शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती घाला, आंबटपणा मारायला चुलीतली राख. सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 33 ला 1 असावं. खत तयार होताना ते 10 ला 1 च्या आसपास येतं. हे खत घातलेल्या जमिनीत मुळांशी सोयरीक करणाऱ्या बुरश्या नांदतात, त्या स्फुरद म्हणजे फॉस्फरस मुळांपर्यंत पोचवतात.

 

पुन्हा सांगतो: आधी चेचा, मग रचा. ढीग तुडवून दडपू नका, आत हवा खेळू द्या. ढीग रचल्यापासून पहिली पालटणी, म्हणजे ढीग वरखाली करणं, साधारण पंधरवड्यानं, दुसरी महिन्यानं, तिसरी दोन महिन्यांनी, आणि पालटताना कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. तीन महिन्यांत खत हाताशी. नमस्कार.