पिल्लू राखणीला आणलं, पण आधी घरचं होऊ द्या

समोर लेकरं बसली आहेत तर त्यांच्यापासूनच सुरू करतो, कारण कुत्र्याचं पिल्लू घरात आणतं कोण, तर हेच लोक. शाळेतून येताना नालीत नाहीतर तुराट्याच्या गंजीआड कुंई कुंई ऐकू येतं, ते शर्टात घालून घरी आणतात, मग आई म्हणते "कुठून आनलं थे, नेऊन टाक", अन् बाप म्हणतो "राहू दे, वावरात राखणीले कामी येईन". बापाचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, किती नासधूस करतात ते मी तुम्हाला काय सांगू. पण राखणदार म्हणून आणलेलं पिल्लू आधी घरचं व्हावं लागतं, तेव्हा कुठं ते राखण करतं. आज मला एवढंच सांगायचं आहे, बाकी जे बोलेन ते ह्याच्याच पोटातलं.

माझी सगळी नोकरी ढोराच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून, जखमा बांधण्यात गेली, तेव्हा मला तरी हे कळायला पाहिजे होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी दोन महिन्याचं एक पिल्लू आणलं, तांबड्या रंगाचं, कान पडलेले. हरभरा घाट्यावर आला होता, जागलीला जायचं होतं, मी पहिल्याच रात्री त्याला वावरात नेलं आणि मचाणाच्या खुंटाला साखळीनं बांधलं. रात्रभर रडलं ते. मी वरून दोनदा ओरडलो त्याच्यावर. पहाटे माझा डोळा लागला, उठून पाहतो तर खाली साखळी अन् ओल्या मातीत बिबट्याचे पंजे. मोकळं असतं तर निदान मचाणावर यायची धडपड तरी केली असती. इतकी वर्षं झाली, आजही कोणी बांधलेलं लहान पिल्लू दिसलं की मला तो खुंट दिसतो.

म्हणून पहिली रात्र वावरात नाही, कोठ्यातही नाही. सपरीत किंवा घरात, तुमच्या खाटेजवळ. खोक्यात बारदाना टाका, आणि आईजवळून उचलून आणत असाल तर एक जुना कपडा तिच्या अंगाखाली दोन दिवस ठेवून तोच आणा, वासानं पिल्लू शांत होतं. थंडीचे दिवस असले तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. रडलं तर हात खाली सोडा, बोलायचं नाही, मारायचं तर नाहीच नाही. लाडानं बिघडतं म्हणतात, पण बापा, काल रात्रीपर्यंत ते पाच भावंडांच्या ढिगात झोपत होतं, आज एकटं आहे, ते रडणार नाही तर काय करेल. पिल्लाचे डोळेच 10 ते 14 दिवसांनी उघडतात, आणि आठ आठवड्यांपर्यंत त्याला आईजवळ राहू द्यावं, कारण दात किती जोरात लावायचे हे ते भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं हाताला जोरात धरतं अन् मग आपण म्हणतो कुत्रं खुनशी निघालं.

आई गाडीखाली गेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आणावंच लागतं. अशा बारक्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध, गार पडलेल्याला पाजू नका, आणि माणसाच्या लेकरासारखं उताणं धरून तर कधीच नाही, पालथं ठेवून पाजायचं, नाहीतर दूध छातीत जातं. गायीच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना हगवण लागते, डॉक्टरला विचारून पिल्लांची दुधाची पावडर आणा.

आता लसीचं, इथं जरा थांबतो. पार्वो नावाचा रोग आहे, पिल्लू ओकतं, खाणं सोडतं, रक्ताची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत जातं. ह्याचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, म्हणजे आंगणात मागचं पिल्लू असं गेलं असेल तर तिथं बिनलसीचं दुसरं सोडू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी परत, असं चार महिन्याचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्याला, पुढं दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, तेही वजन करून. आणि पिल्लाचा दात लागला, नुसती ओरखड आली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काही भरू नका, सरळ सरकारी दवाखाना. सुई घेतली तो शून्य दिवस धरून 3, 7 आणि 28 व्या दिवशी परत जायचं, मधातली एकही चुकवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही असंच धरून चला. लेकरांनो, ओरखडा आला तर मार बसेल म्हणून लपवू नका, अन् आईबापांनो, त्याच्यासाठी मारू नका.

लस पूर्ण होईपर्यंत गावभर फिरवायचं नाही, पण कोंडूनही ठेवायचं नाही, कारण तीन ते चौदा आठवड्यांचं वय फार मोलाचं आहे, त्या काळात पिल्लानं जे भीती न वाटता पाहिलं त्याला ते पुढं सहसा घाबरत नाही. कडेवर घेऊन जा. ट्रॅक्टर दाखवा, थ्रेशरचा आवाज दुरून ऐकू द्या, बैलबंडी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत येणारा म्हातारा, पोळ्याच्या दिवशी सजलेले बैल. जे कुत्रं काठीवाल्या म्हाताऱ्यावर धावून जातं, त्याला बहुतेक वेळा लहानपणी तसा म्हातारा कोणी दाखवलेलाच नसतो.

मुतलं तर नाक घासू नका, त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर मुतायचं नाही. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं की उचलून एकाच जागी न्यायचं, झालं की शाबासकी. खायला भाकर, वरण, अंडं चालतं, पण वरण फोडणीच्या आधी काढा, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, आणि शिजवलेली कोंबडीची हाडं देऊ नका.

आणि फवारणीचे डबे! 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं आपली माणसं गेली, हे आपण कोणी विसरलो नाही. तेच डबे आजही सपरीच्या कोपऱ्यात दिसतात, आणि पिल्लू सगळं चावून पाहतं, झाकण, पंपाची नळी, सगळं. तसंच गोचिडांचं, ढोरांचं औषध अंदाजानं पिल्लावर ओतलं की पिल्लू थरथरायला लागतं, मग आमच्याकडे धावत आणता. उन्हाळ्यात पारा 45 वर जातो तेव्हा टिनाखाली बांधू नका, मातीच्या भांड्यात पाणी अन् झाडाची सावली पाहिजे.

मागच्या ताईंनी मघाशी विचारलं, हायवेवरून आणलेलं मोठं कुत्रं चार दिवस झाले बंडीखालून निघत नाही. निघेल ताई. साधारण तीन दिवस ते नुसतं घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराचा नेम कळतो, आणि आपलं घर वाटायला तीन महिने लागतात, कुणाला जास्त. ओढून काढू नका, वाकून डोळ्यांत पाहू नका, लेकरांना बंडीजवळ गोळा होऊ देऊ नका. एकाच माणसानं, एकाच वेळेला, रोज भाकर ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून थोडा वेळ तिथंच बसायचं, तांदूळ निवडायचे असतील तर ते घेऊन बसा. आज ताटली चाकाच्या आत ठेवा. खाल्लं तर उद्या वीतभर बाहेर.