नवख्याच्या रेटिंगची किंमत कोण मोजतं?

मित्रहो, ऑनलाइन बुद्धिबळात खातं उघडणाऱ्याला एकही डाव खेळण्याआधी ताकद सांगणारा एक आकडा, म्हणजे रेटिंग, मिळतो. लीचेसवर तो १५०० असतो. चेस डॉट कॉमवर आधी विचारतात, खेळ कितपत येतो, आणि उत्तरावरून सुरुवात ठरते. दोन्हीकडे तो आकडा म्हणजे अंदाजच, आणि अंदाज चुकणारच. पण त्या चुकीची किंमत कोण मोजतं, हे कुणी विचारत नाही.

मूळ पद्धत आर्पाद एलो यांची. ते अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवायचे. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून डावातले अपेक्षित गुण (विजयाला १, बरोबरीला अर्धा) काढायचे, आणि निकाल त्याहून जितका वेगळा लागेल तितका आकडा हलवायचा, एवढंच तिचं सूत्र. आता २२०० च्या ताकदीचा एक जण नवं खातं उघडून १५०० वर बसलाय असं समजा. समोरचा खरोखरच १५०० चा. तो हरला, की सूत्राच्या लेखी तो तोडीस तोड माणसाकडून हरला. अपेक्षा आणि निकाल यांतल्या फरकाला २० ने गुणायचं धरलं, तर त्याच्या रेटिंगमधून १० गुण गेले. प्रतिस्पर्ध्याची खरी ताकद माहीत असती तर अर्धा गुणही गेला नसता! यात त्याचा काय दोष?

संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीने यावर उत्तर दिलं. तिथे प्रत्येकाच्या रेटिंगला अनिश्चिततेचं एक माप जोडलेलं असतं. नवख्याचं माप मोठं, म्हणून त्याचा आकडा मोठ्या उड्या मारतो. त्याच्याशी खेळलेल्या जुन्या खेळाडूचा आकडा मात्र जपून हलतो, कारण त्या निकालातून फारसं काही कळलेलंच नसतं. अंदाजाची किंमत, निदान बरीचशी, ज्याच्याबद्दल अंदाज केला त्याच्याच खात्यावर पडते. मला हे न्याय्य वाटतं.

पण नवख्याच्या बाजूनेही बघा. नुकत्याच सोंगट्या हलवायला शिकलेल्या मुलीला १५०० वर बसवलं, तर ती सलग हरते आणि प्रत्येक पराभवात आकडा धाडकन कोसळतो. गणिताच्या दृष्टीने तिची जागा शोधणं चाललेलं असतं. तिला मात्र आपण घसरतोय असंच दिसतं, आणि ती खेळ सोडून देते. सगळ्यांना एकच सुरुवात, ही समानता वरवरची आहे. त्यापेक्षा विचारलेलं बरं. लोक खोटं सांगतील, मान्य. पण दुबळ्यांना हरवायची ज्याला हौस आहे, तो मुद्दाम डाव हरूनही खाली येतोच. त्याच्या भीतीने प्रामाणिक नवख्याला शिक्षा कशाला?

आणि आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी आकडा घेऊन झपाट्याने सुधारणारी माणसं इतरांचे गुण ओढत राहतात. मग खालच्या सगळ्या आकड्यांचा अर्थच बदलतो. प्रत्यक्ष पटावरच्या खेळात फिडेला मार्च २०२४ मध्ये २००० खालच्या खेळाडूंचं रेटिंग एकदम वाढवून द्यावं लागलं, ते यासाठीच.

लीचेसवर अनिश्चितता ११० च्या खाली येईपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह असतं. माझी मागणी याच्या एक पाऊल पुढची आहे. तोवर नवख्याला एकच आकडा दाखवूच नका. '९०० ते १५००' असा पट्टा दाखवा, आणि डावागणिक तो कसा अरुंद होतोय ते त्याला बघू द्या. हिशेब आत तयारच असतो, फक्त पडद्यावर आणायचा आहे.