दंतकथेनंतरचा माणूस : अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात टस्कलूसा नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठाच्या ब्रायंट-डेनी क्रीडागाराची आसनक्षमता 1,00,077 आहे, म्हणजे शहरातील जवळजवळ सगळी माणसे एकाच वेळी आत बसू शकतील. येथे खेळला जाणारा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन पळायचे असते आणि अंगावर चिलखतासारखे पॅड चढवलेले खेळाडू एकमेकांना आडवे पाडत असतात. खेळणारी मुले विद्यापीठाची विद्यार्थी आहेत. त्यांना घडवणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक वेतन मिळते, जे राज्याच्या गव्हर्नरच्या वेतनाच्या कित्येक पट आहे.

10 जानेवारी 2024 रोजी, बुधवारी दुपारी, या संघाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी खेळाडूंची बैठक बोलावली आणि आपण निवृत्त होत असल्याचे सांगितले. त्या दिवशीही ते साहाय्यक प्रशिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी मुलाखती घेत होते. त्यांचे वय 72 होते. सतरा वर्षांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती, आणि त्यापूर्वी लुइझियाना स्टेट विद्यापीठात मिळवलेले 2003 चे विजेतेपद धरले तर एकूण सात. ते आले तेव्हा विद्यापीठात सुमारे 25 हजार विद्यार्थी होते, गेले तेव्हा हा आकडा 40 हजारांच्या घरात होता. या वाढीचे सगळे श्रेय फुटबॉलला देणे बरोबर नाही, परंतु दूरच्या राज्यांतील मुलांना अलाबामाचे नाव कशामुळे ठाऊक झाले, याविषयी टस्कलूसामध्ये फारसा वाद होत नाही.

अशा प्रशिक्षकाच्या जाण्यानंतर संघाचे काय होते, हा प्रश्न अलाबामाला नवा नाही. हे विद्यापीठ त्यातून एकदा गेलेले आहे.

पॉल ब्रायंट यांनी किशोरवयात आर्कान्सामधील फोर्डाइस गावी, एका नाट्यगृहात आलेल्या अस्वलाशी कुस्ती खेळण्याचे आव्हान स्वीकारले होते, आणि तेव्हापासून ‘बेअर’, म्हणजे अस्वल, हे नाव त्यांना चिकटले. 1958 पासून 1982 पर्यंत ते अलाबामाचे प्रशिक्षक होते. या काळात संघाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. बारीक चौकडीची हॅट घातलेले ब्रायंट सरावाच्या मैदानावर उभारलेल्या उंच मनोऱ्यावर चढून वरून सराव पाहत असत, आणि ते मनोऱ्याच्या पायऱ्या उतरू लागले की खाली कोणाची तरी खैर नाही, हे खेळाडू ओळखून असत. 29 डिसेंबर 1982 रोजी मेम्फिस येथे इलिनॉयविरुद्धचा आपला अखेरचा सामना त्यांनी 21-15 असा जिंकला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच 26 जानेवारी 1983 रोजी त्यांचे निधन झाले. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमपर्यंत अंत्ययात्रेची वाहने निघाली, तेव्हा महामार्गाच्या दोन्ही कडांना आणि वरच्या पुलांवर माणसेच माणसे उभी होती.

ब्रायंट यांच्या जागी रे पर्किन्स यांची निवड आधीच झालेली होती. ते ब्रायंट यांच्याच हाताखाली खेळलेले, पुढे न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झालेले, म्हणजे कागदावर पाहिले तर याहून योग्य माणूस शोधूनही सापडला नसता. पर्किन्स यांनी ब्रायंट यांच्या काळातील ‘विशबोन’ ही धावण्यावर भर देणारी रचना बाजूला ठेवून व्यावसायिक संघांसारखी पासेसची पद्धत आणली, आणि तो मनोराही मैदानावरून हलवला. मनोरा हलवणे ही खेळाच्या दृष्टीने अगदी किरकोळ बाब होती. प्रशिक्षकाला खाली, खेळाडूंमध्ये उभे राहायचे होते, एवढेच. परंतु ज्या गावाने नुकतेच आपले दैवत पुरले होते, त्या गावाला तो देव्हारा हलवल्यासारखा वाटला. त्यातच 1984 मध्ये संघाने पाच सामने जिंकले आणि सहा गमावले. 1957 नंतर, म्हणजे ब्रायंट येण्यापूर्वीच्या वर्षानंतर, पराभवांची संख्या विजयांहून अधिक असण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या वर्षी दुबळ्या समजल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानेही अलाबामाला हरवले. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. ब्रायंट यांच्या अखेरच्या हंगामात संघाने चार सामने गमावले होते आणि ज्या ऑबर्नला, म्हणजे राज्यातल्याच प्रतिस्पर्धी विद्यापीठाला, त्यांनी सलग नऊ वर्षे हरवले होते, त्यानेच त्यांना एका गुणाने मात दिली होती. घसरण सुरू झालेलीच होती. मोठा माणूस जेव्हा जातो, तेव्हा त्याच्या कारकिर्दीतील थकवा त्याच्याबरोबर जात नाही. तो वारसाच्या खात्यावर जमा होतो आणि लोक त्याला वारसाची करणी म्हणतात.

पर्किन्स चार हंगामांनंतर पुन्हा व्यावसायिक फुटबॉलकडे गेले आणि जॉर्जिया टेकमधून बिल करी आले. त्यांची अडचण पहिल्या दिवसापासूनच होती : ते ब्रायंट यांच्या घराण्यातले नव्हते. 1988 मध्ये घरच्या मैदानावर मिसिसिपी विद्यापीठाकडून पराभव झाल्यावर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून कोणीतरी वीट भिरकावली. पुढच्या वर्षी त्यांनी पहिले दहाही सामने जिंकले, परिषदेच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, विजेतेपदात वाटा मिळवला, पण ऑबर्नविरुद्ध तिन्ही वर्षे हरल्याचा डाग पुसला गेला नाही. विद्यापीठाने पुढे केलेल्या कराराच्या अटी पाहून ते केंटकीला निघून गेले. विटेचा हा प्रसंग विक्षिप्त माणसाचे एकट्याचे कृत्य म्हणून सोडून देता येईल, परंतु दहा सामने जिंकणाऱ्या माणसाला थांबवण्याची विद्यापीठालाही फारशी निकड वाटली नाही, हे अधिक बोलके आहे.

त्यानंतर आलेले जीन स्टॉलिंग्स ब्रायंट यांचे टेक्सासमधील दिवसांपासूनचे शिष्य होते. त्यांनी 1992 चा हंगाम अपराजित राहून जिंकला आणि विजेतेपदासाठी तडफडणाऱ्या गावाला जरा श्वास मिळाला. पण 1996 नंतर पुन्हा तेच सुरू झाले. एका खेळाडूला मिळवण्यासाठी धनाढ्य पाठीराख्याने पैसे मोजल्याच्या प्रकरणात 2002 मध्ये राष्ट्रीय संघटनेने दोन वर्षे हंगामोत्तर सामन्यांवर बंदी घातली आणि 21 शिष्यवृत्त्या कापल्या. एक प्रशिक्षक दोनच हंगामांत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडे निघून गेला, त्याच्या जागी नेमलेल्याला एकही सामना खेळवण्यापूर्वी काढून टाकावे लागले. 2006 च्या डिसेंबरमध्ये एका नावाजलेल्या प्रशिक्षकाने देऊ केलेली नोकरी नाकारली. आणि व्यावसायिक फुटबॉलमधील मायामीच्या संघाकडे असलेले सेबन आपण अलाबामाला जाणार नाही असे जाहीरपणे सांगत होते. जानेवारी 2007 मध्ये ते आले.

सेबन यांच्या यशाची कारणे सांगताना त्यांची शिस्त, खेळाडू हेरण्याची नजर आणि निकालाकडे न पाहता समोरच्या एका चालीपुरते पाहण्याची शिकवण यांचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. माझ्या मते मात्र आणखी एक कारण तितकेच महत्त्वाचे आहे. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ सात सामने जिंकून सहा हरला, त्यात लुइझियाना-मन्रोसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर झालेला पराभवही होता, तरीही कोणी वीट उचलली नाही. त्या वर्षी वर्गात बसलेली मुले ब्रायंट यांच्या निधनानंतर जन्मलेली होती. चोवीस वर्षांत गावाने ब्रायंट यांच्या शिष्यांपासून परक्यांपर्यंत सगळे प्रकार करून पाहिले होते आणि तुलना करण्याची हौस फिटलेली होती. नुसता वसंतातील सरावसामना पाहायला 92 हजारांहून अधिक लोक आले, ते ब्रायंट यांना शोधायला आलेले नव्हते.

सेबन यांच्या जागी आलेल्या केलेन डीबोर यांना हा अवधी मिळाला नाही. सेबन यांच्या घोषणेनंतर क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी खेळाडूंकडे 72 तासांची मुदत मागितली आणि दोनच दिवसांत, 12 जानेवारीला, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डीबोर यांची नेमणूक झाली. साउथ डकोटातील हा माणूस सू फॉल्स येथील लहानशा विद्यापीठात तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून पायरी पायरीने वर आलेला. चारच दिवसांपूर्वी त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. मुदत इतकी तोकडी असण्याचे कारण नियमांत होते. पर्किन्स यांच्या काळी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाकावर बसावे लागे, त्यामुळे रुसलेला खेळाडूही जागेवरच राही. 2024 च्या नियमानुसार प्रशिक्षक गेला की त्याच्या खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव नोंदवण्यासाठी तीस दिवस मोकळे मिळत, आणि 2021 पासून आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरासाठी पैसे घेण्याची मुभा असल्याने इतर विद्यापीठांचे पाठीराखे थैली घेऊन तयारच असत. आपल्या पहिल्याच वर्षी संघात सर्वाधिक टॅकल करणारा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांना आडवे पाडणारा, केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, आयझाया बाँड टेक्सासला गेला, आणि नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, ज्युलियन सेयिन हाही ओहायो स्टेटला गेला. एका वर्षाने ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले.

डीबोर यांचा आरंभ मात्र झोकात झाला. 7 सप्टेंबर 2024 रोजी मैदानाला सेबन यांचे नाव देण्यात आले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या मैदानावर अलाबामाने बलाढ्य जॉर्जियाला 41-34 असे हरवले. मग पुढच्याच शनिवारी, देशात पहिल्या क्रमांकावर असताना, नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टने त्यांना 40-35 असे हरवले. व्हँडरबिल्टकडून 1984 नंतर झालेला हा पहिलाच पराभव. व्हँडरबिल्टच्या विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडला, शहराच्या रस्त्यांतून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. पुढे टेनेसी आणि ओक्लाहोमानेही हात धुऊन घेतले. नऊ विजय आणि चार पराभव. 2007 नंतर दहा विजयांपर्यंत न पोहोचलेला हा पहिला हंगाम होता.

ब्रायंट वारसाला पाहण्यासाठी उरले नाहीत. सेबन मात्र दर शनिवारी सकाळी दूरचित्रवाणीवर सामन्यांचे विश्लेषण करतात आणि क्रीडागारात त्यांचे कार्यालयही आहे. ते नव्या माणसाच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, उलट त्याची बाजू घेतात. तरीही अलाबामाचा पराभव झाला की कॅमेरा आधी कोणाचा चेहरा शोधतो, हे सांगायला नको.

यापेक्षा वाईट वाट नेब्रास्का विद्यापीठाची लागली. 25 वर्षांत 255 विजय मिळवून टॉम ऑस्बोर्न 1997 च्या हंगामानंतर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले त्यांचे साहाय्यक फ्रँक सोलिच यांनी 1999 मध्ये परिषदेचे विजेतेपद जिंकले, पण 2003 मध्ये नऊ विजयांच्या हंगामानंतर त्यांना काढण्यात आले, कारण नऊ विजय कमी वाटले. त्यानंतर नेब्रास्काला परिषदेचे एकही विजेतेपद मिळालेले नाही.

2025 मध्ये डीबोर यांचा संघ पहिलाच सामना फ्लोरिडा स्टेटकडून 31-17 असा हरला, तेव्हा त्यांना हाकलण्याची मागणी सप्टेंबर उजाडण्यापूर्वीच सुरू झाली होती. संघ सावरला, जॉर्जियाला पुन्हा हरवून बाद फेरीत पोहोचला, तेथे ओक्लाहोमाविरुद्ध 17 गुणांची पिछाडी भरून काढून जिंकला आणि मग 1 जानेवारी 2026 रोजी रोझ बोल या बाद फेरीच्याच सामन्यात इंडियाना विद्यापीठाकडून 38-3 असा चिरडला गेला. इंडियानाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी 2007 मध्ये सेबन यांच्या पहिल्या ताफ्यातील साहाय्यक होते, आणि नवे खेळाडू हेरण्याचे काम त्यांच्याकडे होते. पर्किन्स यांचा दुसरा हंगाम पाच विजयांवर संपला होता. डीबोर यांच्या दुसऱ्या हंगामात अकरा विजय आहेत.