बाबाको कसोटी का नसते?

(चाळीसगावात पालक आणि शिक्षकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'शाळेत भूमिती कशी शिकवावी' आणि मी तिथे येणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण ती बरेच दिवस डोक्यात बसलीय आणि तिचा विषयाशी संबंध आहे.

माझी पुतणी तेव्हा नववीला होती. घटक चाचणीचा तपासलेला पेपर घेऊन आली, तोंड एवढंसं झालेलं. प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. 5 रुपयांची आणि 10 रुपयांची मिळून 50 नाणी, एकूण रक्कम 350 रुपये, तर प्रत्येक प्रकारची नाणी किती? मार्क 3. आता तिने काय लिहिलं होतं बघा. सगळी नाणी 5 ची असती तर 250 रुपये झाले असते. म्हणजे 100 कमी पडतात. एक 5 चं नाणं काढून तिथे 10 चं ठेवलं की 5 रुपये वाढतात. मग 100 वाढवायला 20 नाणी बदलावी लागतील. म्हणून 10 ची 20 आणि 5 ची 30. खाली ताळासुद्धा केलेला, 200 अधिक 150 बरोबर 350. आणि शेजारी लाल पेनने 1 मार्क, शेरा काय, तर 'x, y मानले नाही'.

(सभागृहात हशा.) हसताय, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात असा एक पेपर आहे!

मी शाळेत गेलो सरांना भेटायला. भांडायला नाही, मी स्वतः आयुष्यभर गणितच शिकवलंय, मला त्यांची बाजू माहितीय. सर चांगले होते, चहा दिला, म्हणाले की सर, धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा आहे, पोरगी समीकरण न मांडता सुटली तर दहावीत अडकेल, आणि शिवाय स्टेपला मार्क असतात. मी म्हटलं, मान्य, समीकरण यायलाच पाहिजे. पण मग प्रश्नात लिहा ना, 'समीकरणे मांडून सोडवा' म्हणून. प्रश्नात नाही, तर तिने विचार केला हा तिचा गुन्हा कसा काय? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिची ही रीत आणि x, y ची रीत या दोन वेगळ्या रीती नाहीतच मुळी. 5 ची नाणी x आणि 10 ची y मानली, तर x अधिक y बरोबर 50, याला 5 ने गुणलं की 5x अधिक 5y बरोबर 250. दुसरं समीकरण 5x अधिक 10y बरोबर 350, त्यातून ते वजा केलं की 5y बरोबर 100. तिने तोंडी जे केलं तेच हे! 250 तिचेच, 100 तिचेच. हे त्या दिवशी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं असतं तर अख्ख्या वर्गाला कळलं असतं की समीकरण म्हणजे आपलाच विचार थोडक्यात लिहायची सोय आहे. चाळीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं गेली असती. त्याऐवजी त्या मुलीने काय शिकलं, की स्वतःचं डोकं वापरलं तर दोन मार्क जातात. नंतर तिने तसं कधी लिहिलं नाही, आणि मला त्या दोन मार्कांपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

आता हे चाळीसगावात बोलताना एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याच तालुक्यात पाटण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने तिथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. आणि भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात इष्टकर्म म्हणून रीत आहे, आपल्या मनाने एक सोयीची संख्या धरायची, तिच्यावर हिशोब करायचा आणि मग खरं उत्तर काढायचं. तिथे प्रमाणाने काढतात, पुतणीने फरकाने काढलं, पण जातकुळी तीच. आपण तिथल्या पाटणादेवीला सहली नेतो, धबधबा दाखवतो, फोटो काढतो, एका तरी सहलीत इष्टकर्माचं एक गणित पोरांना घाला की हो.

बरं, चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत म्हणे. मग आता भूमिती, आणि भराभर.

माझं म्हणणं एवढंच आहे की जो आजार त्या पेपरात दिसला तोच भूमितीत जास्त खोल आहे. आठवीत त्रिकोणांची एकरूपता येते. दोन त्रिकोण तंतोतंत जुळतात का, हे ठरवायच्या कसोट्या, बा म्हणजे बाजू आणि को म्हणजे कोन: बाबाबा, बाकोबा, कोबाको. पोरं पहिल्यांदा ऐकून खिदळतात, मग पाठ करतात, मग संपलं. एखादा हुशार पोरगा विचारतो, सर, बाकोबा आहे तर बाबाको का नाही? उत्तर काय मिळतं? 'अशी कसोटी नसते, बस खाली.' अरे, हा तर वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे! कंपास पेटी काढायला लावा. AB 8 सेमी काढा. A पाशी 30 अंशांचा कोन करून लांब किरण मारा. आता B वर टोक ठेवून 5 सेमीचा कंस मारा. तो किरणाला दोन ठिकाणी छेदतो, त्या छेदबिंदूला C म्हणा. एका ठिकाणी AC साधारण 3.9 सेमी, दुसऱ्या ठिकाणी 9.9. दोन्ही त्रिकोणांत तोच कोन, त्याच दोन बाजू, आणि त्रिकोण मात्र वेगळे. झालं, बाबाको का नाही ते पोराने स्वतःच्या हाताने पाहिलं. पुढे कंपास 4 सेमीवर आणा, कंस किरणाला जेमतेम एकाच जागी टेकतो, तिथे काटकोन होतो, त्रिकोण एकच. 3 सेमी घ्या, कंस पोचतच नाही. आणि A पाशी 30 ऐवजी 90 अंशांचा कोन करून B वरून 10 सेमीचा कंस मारा, तो किरणाला एकदाच छेदतो, ही काटकोन त्रिकोणांची कर्णभुजा कसोटी! एका तासात एवढं सगळं.

दहावीत पायथागोरसचं प्रमेय. कर्णावर लंब टाकला की तीन समरूप त्रिकोण मिळतात आणि बाकी सगळं त्यातून निघतं, पण हे 'निघतं' कुठे शिकवतो आपण? प्रश्नपत्रिकेत 40 पैकी 7 मार्क कृतीच्या, म्हणजे आधीच मांडून दिलेल्या उत्तरातल्या रिकाम्या, चौकटी भरायला आहेत. कच्च्या मुलाला आधार म्हणून चौकटी ठीक, माझा विरोध नाही, पण वर्गातही वर्षभर चौकटीच भरायच्या म्हटल्यावर मूल कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहायला घाबरतं. लंब टाकायचा हे त्याला सुचायला हवं, आणि छापलेल्या आकृतीत तो आधीच टाकलेला असतो.

शिक्षकांनो, वर्गात साठ पोरं असतात, पोर्शन असतो, निवडणुकीची कामं असतात, सगळं माहितीय मला. म्हणून फार मागत नाही. आठवड्यातला एक तास, एकच प्रमेय, पुस्तक बंद, आकृतीपासून पोरांनी करायचं, आणि ज्याचं चुकलं त्याचंच आधी फळ्यावर घ्यायचं, का चुकलं ते वर्गाने शोधायचं. पालकांनो, पोराने वेगळ्या रीतीने बरोबर उत्तर काढलं आणि मार्क कापले गेले तर शाळेत जा, आवाज चढवू नका, पेपर पुढे ठेवा आणि विचारा, यातली चुकीची ओळ कोणती?

वेळ संपली. समरूपतेबद्दल अजून बोलायचं होतं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. माझ्या पिशवीत चार-पाच कंपास आणि कोरे कागद आहेत, बाबाको ज्यांना करून बघायचंय त्यांनी पुढच्या रांगेत या.