कोळशाची वॅगन मळवायची कशी? आधी अजनीच्या पुलावर जा!

(टेबलावर दोन वॅगन. एक कोरी, एक मळलेली.)

या दोन वॅगन बघा. ही अशी, की आत्ताच कारखान्यातून निघाली. आणि हिने वीस वर्षं कोळसा वाहिलाय. दोन्ही मीच केल्या, एकाच प्लास्टिक शीटमधून, एकाच आठवड्यात. फरक फक्त मळाचा आहे.

नमस्कार मंडळी. आजचा विषय वेदरिंग, म्हणजे रेल्वेचं कोरं मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं दाखवणं. मी आपलं मळवणं म्हणतो. लहानपणी आई कपडे मळवू देत नव्हती, त्याची भरपाई आता सुरू आहे. तसा वॅगनलाही मराठीत छान शब्द आहे, वाघीण. पेपरात ‘कोळशाच्या वाघिणी घसरल्या’ अशी बातमी वाचली असेल. पण विदर्भात वाघीण म्हटलं की ऐकणारा सरळ ताडोब्यात पोचतो, म्हणून वॅगनच बरी.

आपली वॅगन आहे बॉक्स-एन, कोळशाची उघडी. एचओ स्केल, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. खरी वॅगन दोन्ही टोकांच्या कपलरसकट, म्हणजे जोडणीसकट, १०.७१३ मीटर, आपली १२३ मिलिमीटर. ५९ वॅगनचा पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, केला तर सव्वासात मीटरच्या जवळ जातो, इंजिन सोडून. माझा हॉल तेवढा नाही. एक भानगड मात्र सांगून ठेवतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या स्केलमध्ये दोन रुळांतलं अंतर १९.३ मिलिमीटर हवं, आणि बाजारातले एचओचे रूळ १६.५ चे. मी ते डोळे मिटून चालवून घेतो. उलट नॅरोगेजला नशीब साथ देतं. ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन गेजचे, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचे, रूळ ९ चे. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातली गाडी करायची असेल तर रूळ जवळपास बिनचूक मिळतात.

आता मुद्द्याचं. ब्रश हातात घ्यायच्या आधी नागपुरातल्या अजनीच्या रेल्वेपुलावर जा. खरंच जा. काहून? तर खरी गाडी आपण फलाटावरून बघतो, बाजूने. पण मॉडेल ठेवतो टेबलावर आणि बघतो वरून. म्हणून बहुतेक जण बाजूच्या भिंतींवर गंज चढवत बसतात, आणि आतून फासतात सपाट काळा. मीही पहिल्या चार वॅगन तशाच नासवल्या.

पुलाखालून रिकामा रेक गेला की आत बघा. आतून वॅगन काळी नसते बावा! कोळसा घासून घासून रंग कधीच गेलेला असतो. उघड्या पोलादावर गंज, गंजावर भुकटी, आणि तळाच्या कोपऱ्यांत ओल धरून बसलेला गाळ. कोळशात गंधक असतं. पावसाचं पाणी त्यात मुरलं की सौम्य आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खात सुटतं. बाहेर गंज दिसतो तो खालच्या जोडाजवळ, दाराच्या कडांना. भिंतीच्या मधोमध नाही.

वरचा काठ बघा. टिपलरवर वॅगन अख्खी उलटी करून रिकामी करतात, तेव्हा क्लॅम्प याच काठावर बसतात. तिथला रंग टिकतच नाही. आणि जिथे टिपलर नाही तिथे मशीनचं बकेट आत उतरतं, भिंतीला आतून ठोकतं. म्हणून पोचे बाहेरच्या बाजूला फुगलेले असतात. अर्ध्या मिलिमीटरची शीट असेल तर चमचा गरम पाण्यात बुडवा आणि त्याच्या पाठीने आतून दाबा. मेणबत्ती नको. मेणबत्तीने काय होतं ते माझ्या कचरापेटीला विचारा.

किती मळवायचं? ते वॅगनच सांगते. तिच्यावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, आणि पाचवा-सहावा म्हणजे बांधणीचं वर्ष. तुम्ही तिथे ०४ लिहिलं आणि वॅगन नवरीसारखी चकचकीत ठेवली, तर जाणकार हसणार. एक अपवाद आहे. बॉक्स-एन-एचएल स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांना लालभडक गंज चढवू नका. मळकट राखाडी रंग, आणि वेल्डिंगजवळ सांडलेल्या चहासारखे डाग, बस.

(ब्रश हातात.)

आधी ऊन. आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस फिका पडतो, तर रंगाचं काय! एक भाग मातकट पांढरा ॲक्रिलिक, नऊ भाग पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे पाणी मणी धरत नाही. सगळ्या वॅगनवरून एक हात. वाळलं की त्याच पद्धतीने बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, पण फक्त खाचांत आणि जोडांत. ब्रश नेहमी वरून खाली, पाऊस जातो तसा. आणि हे लक्षात ठेवा: तुमचा १ मिलिमीटरचा ओघळ खऱ्या वॅगनवर जवळजवळ ९ सेंटिमीटर रुंद होतो. एवढा मोठा ओघळ कुठे पाहिलाय? सगळ्यात बारीक ब्रश घ्या.

आतला गंज स्पंजने. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तोडून घ्या, रंगात बुडवा, कागदावर बराचसा पुसून टाका, मग टिपत जा. बोगीवर, म्हणजे वॅगनखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, ब्रेकची तपकिरी-राखाडी धूळ. चाकाचा रुळावर टेकणारा भाग मात्र चकचकीतच ठेवा. तो खऱ्या गाडीतही घासून चमकतो.

शेवटी भुकटी. सॉफ्ट पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासायचा. ऑइल पेस्टल आणू नका, त्याची भुकटी होत नाही, चिखल होतो. भुकटीवर वार्निश मारलं की निम्मी गायब होते, म्हणून हात जरा सढळ ठेवा.

भरलेली वॅगन हवी असेल तर खरा कोळसा कुटा. वीजकेंद्राचा कोळसा १०० मिलिमीटरच्या आत फोडलेला असतो, म्हणजे आपल्याकडे साधारण १ मिलिमीटर. चहाची गाळणी पुरते. (गाळणी परत स्वयंपाकघरात ठेवू नका. अनुभव आहे.) पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा.

राहिलं मॅट वार्निश. ते पावसाळ्यात मारायचं नाही. मी जुलैत मारलं, बाहेर झड लागलेली. दमट हवेत स्प्रे पांढरा पडतो हे वाचलं होतं, पण वॅगन झाली होती आणि धीर नव्हता. सकाळी उठून बघतो तर अख्खी वॅगन पिठात लोळलेली.

(तिसरी वॅगन कॅमेऱ्यासमोर.)

ही ती. फेकली नाही. कुणी विचारलं तर सांगतो, चुनखडी वाहते.