फील्डचं नाव बदललं आणि मामांच्या 42 फवारण्यांचे डोस गेले | मोबाईल ॲपमधला ऑब्जेक्ट डेटाबेस

नमस्कार मंडळी. (फोन कॅमेऱ्याजवळ धरून) हा स्क्रीनशॉट नीट बघा. थॉमसन द्राक्षांचा प्लॉट, दोन एकर. खाली फवारण्यांची यादी. तारीख बरोबर, औषधाचं नाव बरोबर. आणि डोस? शून्य. पुढच्या नोंदीत शून्य, त्याच्या पुढच्या नोंदीतही शून्य. अशा 42 नोंदी. बाग दिंडोरी तालुक्यातली, माझ्या मामांची. ॲप मी लिहिलेलं.

हे कसं झालं ते सांगण्याआधी ॲप कशासाठी होतं ते सांगतो. नाशिकच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरून बघणारेही आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. अवकाळी पाऊस झाला की ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, पुन्हा बाहेर. माल निर्यातीचा असेल तर कोणतं औषध, किती डोस, कोणत्या तारखेला आणि काढणीला तेव्हा किती दिवस बाकी होते, याची नोंद ठेवावीच लागते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षात औषधाचा अंश तपासला जातो. मामा हे सगळं वहीत लिहायचे. मी म्हटलं, फोनवर करून देतो.

आता मामांच्या बागेत रेंज येते आणि जाते. नोंद करायची ती ब्लोअर बंद केल्या केल्या, बांधावर उभं राहून. म्हणजे डेटा फोनमध्येच राहायला हवा. इथे एम्बेडेड डेटाबेस लागतो. वेगळा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. डेटाबेस म्हणजे तुमच्या ॲपसोबत जाणारी एक लायब्ररी, आणि डेटा ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फाईलमध्ये. टेबलांमध्ये डेटा ठेवणारा एसक्यूलाइटही असाच आहे, 2000 सालापासून, आणि तो प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये असतोच. मी वापरला तो ऑब्जेक्टबॉक्स, एक ऑब्जेक्ट डेटाबेस. त्याचं वेगळेपण आहे ते 'ऑब्जेक्ट' या शब्दात: कोडमधली वस्तू जशी असते तशीच जतन होते.

मामांचं उदाहरण घ्या. एक प्लॉट, त्याच्या अनेक फवारण्या, एका फवारणीत दोन-तीन औषधं, आणि तेच औषध दुसऱ्या फवारण्यांतही. एसक्यूलाइटमध्ये याची तीन टेबलं, शिवाय फवारणी आणि औषध जोडणारं चौथं. मग टेबलं जोडणारे जॉइन लिहा आणि आलेल्या ओळींमधून ऑब्जेक्ट पुन्हा उभे करा. ऑब्जेक्टबॉक्समध्ये मी 'फवारणी' हा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, लिहिला, त्यावर एंटिटी असं ॲनोटेशन, म्हणजे कोडमधली खूण, लावलं, आत औषधांसाठी 'टू-मेनी', म्हणजे एकाला अनेक, असं नातं ठेवलं. नोंद जतन करायला 'पुट'. एक ओळ. परत वाचलं की औषधांसकट फवारणी हातात. जो आकार माझ्या डोक्यात, तोच फाईलमध्ये. हे मला मनापासून आवडतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. औषधांची यादी पहिल्यांदा भरताना लूपमध्ये एकेक 'पुट' करू नका. प्रत्येक 'पुट' हा स्वतंत्र ट्रान्झॅक्शन, म्हणजे फाईलमध्ये लिहिण्याचा वेगळा व्यवहार, असतो आणि त्याला वेळ लागतो. पूर्ण लिस्ट एकदाच द्या, फरक डोळ्यांना दिसेल.

आता ते शून्य. माझ्या क्लासमध्ये 'डोस' नावाचं फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, होतं. एका रात्री कोड आवरताना मी त्याचं नाव 'मात्रा' केलं. एडिटरमध्ये रिनेम दाबलं, सगळीकडे नाव बदललं, बिल्ड झालं, ॲप चाललं. माझ्या टेस्टच्या फोनवर मी ॲप काढून नव्याने टाकलं होतं, त्यामुळे जुना डेटा नव्हताच. अपडेट मामांच्या फोनवर गेलं.

ऑब्जेक्टबॉक्स प्रत्येक फील्डला एक यूआयडी देतो, लांबलचक आकडा. हे आकडे प्रोजेक्टमध्ये 'ऑब्जेक्टबॉक्स-मॉडेल्स' फोल्डरच्या 'डीफॉल्ट डॉट जेसन' फाईलमध्ये असतात. बिल्डच्या वेळी त्याला 'डोस' दिसलं नाही, 'मात्रा' दिसलं. त्याने डोसचा यूआयडी निवृत्त यादीत टाकला आणि मात्रेला नवा दिला. त्याच्या दृष्टीने एक फील्ड काढलं, एक नवीन आलं. नव्या फील्डमध्ये जुन्या नोंदींसाठी काय असणार? शून्य. माझ्यासाठी तो नाव बदलण्याचा प्रकार होता, डेटाबेससाठी डेटा काढण्याचा.

बरोबर पद्धत अशी. नाव बदलण्याआधी त्या फील्डवर रिकामं 'यूआयडी' ॲनोटेशन लावा आणि बिल्ड करा. बिल्ड मुद्दाम अडतं आणि एररमध्ये सध्याचा आकडा दाखवतं. तो आकडा ॲनोटेशनमध्ये भरा, आणि मग खुशाल नाव बदला. दोन मिनिटांचं काम. आणि ती जेसन फाईल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, हवीच. अनेकजण ती बिल्डचा कचरा समजून गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकतात. कृपा करून तसं करू नका, जुन्या डेटाची ओळख त्या फाईलमध्येच असते.

लायब्ररी निवडताना आणखी एक बघा. रिअल्म हा फोनमधला दुसरा ऑब्जेक्ट डेटाबेस 2014 मध्ये आला, पुष्कळांनी ॲप्स त्यावर उभी केली. 2019 मध्ये मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने तो विकत घेतला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याची सिंक सेवा, म्हणजे फोनमधला डेटा सर्व्हरशी जुळवणारी सेवा, वर्षभरात बंद करणार असं जाहीर केलं. फोनमधला डेटाबेस ओपन सोर्स आहे, पण सिंकवर अवलंबून असलेल्यांची धावपळ झाली. म्हणून माझ्या स्क्रीनच्या कोडला ऑब्जेक्टबॉक्स माहीतच नाही. त्याला फक्त 'फवारणी जतन कर' आणि 'या प्लॉटच्या फवारण्या दे' एवढंच येतं. लायब्ररी बदलली तर एकच फाईल बदलेल.

आणि सगळीकडे ऑब्जेक्ट डेटाबेसच वापरा असंही मी म्हणणार नाही. महिन्यावार, औषधवार बेरजांचे रिपोर्ट हेच तुमच्या ॲपचं मुख्य काम असेल, तर एसक्यूलाइटचा ग्रुप-बाय, म्हणजे गट करून बेरीज देणारी सोय, सोडू नका. ऑब्जेक्टबॉक्समध्ये त्या बेरजा मला कोडमध्ये कराव्या लागतात.

मामा वहीतही लिहीत राहिले होते, म्हणून डोस मिळाले. मी एका संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून 42 आकडे परत भरले. ते वाचत होते, मी टाइप करत होतो. आता ॲपमध्ये नोंदी फाईल करून व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण आहे, कारण फोन हरवला किंवा ॲप काढलं तर आतला डेटाही जातो. आणि प्रत्येक अपडेटआधी मी जुनी आवृत्ती फोनवर टाकतो, पाच फवारण्या भरतो, ती न काढता तिच्यावर नवीन टाकतो, आणि पाचही डोस उघडून बघतो. स्क्रीन रेकॉर्डिंग लावतो, तुम्हीही बघा.