पेजेनंतरची गोळी

[दृश्य: मालवणजवळचा किनारा. वाळूवर ओढलेली होडी. मागे माडांत एक घर, परसातून धूर.]

निवेदन:

सकाळचे साडेनऊ. या घरातली पेजेची वेळ. उकड्या तांदळाची पेज, तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा. भाऊ वाडगा संपवतात, पाण्याचा तांब्या जवळ ओढतात, आणि तेवढ्यात चुलीकडून त्यांच्या बायकोचा, काकींचा, आवाज येतो, "गोळी घेतलात मां?"

भाऊंचं नाव आम्ही सांगणार नाही, त्यांनीच नको म्हटलं. वाडीत या आजाराचं नाव अजून कुणी तोंडाने घेत नाही. "तेंका ता झाला", एवढ्यावर बोलणं संपतं.

ता म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यातला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, दवाखान्याच्या भाषेत सीएमएल. आणि औषध म्हणजे रोज एक गोळी, इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम.

[दृश्य: तळहातावर गोळी. शेजारी तांब्याभर पाणी.]

या गोळीमागे चाळीस वर्षांची शोधाशोध आहे. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात दोन संशोधकांना या रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. त्या चुकीच्या जोडातून एक प्रथिन तयार होतं, आणि ते पेशींना वाढत राहा, वाढत राहा म्हणत सुटतं. विहिरीवरच्या पंपाचं बटण अडकावं आणि टाकी भरून वाहिली तरी पंप चालूच राहावा, तसं. ही गोळी नेमकी त्या बटणावर बसते. २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गोळी आणणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात राहिली. ती राहिली नसती तर होडीवर पोट असलेल्या घरात ही गोष्ट फार पुढे गेली नसती.

बटणावर बसते खरी, पण दिवसभरच. उद्या पुन्हा बसवायला लागते.

सलाईनमधून औषध देतात तेव्हा खाट असते, नर्स असते, कागदावर वेळ लिहिलेली असते. इथे खाट नाही आणि नर्सही नाही. ते सगळं काम काकींकडे आलंय, पेजेच्या टोपासकट.

पेजच का? ही गोळी पोटाला टोचते. उपाशी पोटी घेतली की मळमळ, उलटी. म्हणून जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. भाऊंना हे पहिल्याच एकादशीला कळलं. दिवसभर काही खाल्लं नाही, गोळी मात्र नेमाने घेतली, आणि दुपारी अंगणात जे व्हायचं ते झालं. उलटीत गोळी गेली म्हणून दुसरी घ्यायला निघाले होते. काकींनी हात धरला आणि दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, आज दुसरी नको, उद्या नेहमीच्या वेळी. आता एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन गोळी होते. पांडुरंगाची हरकत नसावी. शेजारच्या मोहल्ल्यात रोजे ठेवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. रमजान लागायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवून घेतलेली बरी.

[दृश्य: एसटी स्टँड. दोन बायका बोलत उभ्या.]

आता एक घोटाळा ऐका. खालच्या वाडीत याच आजाराची एक बाई आहे. तिची गोळी वेगळी, निलोटिनिब. भाऊंनी मोठ्या मायेने तिला सांगितलं, "आधी पोटभर जेव, मगे घे." नशीब, तिने ऐकलं नाही. निलोटिनिबच्या कॅप्सूलचा नियम नेमका उलटा. घेण्याआधी दोन तास आणि घेतल्यानंतर एक तास पोटात काही नको. जेवणासोबत घेतली तर औषध रक्तात प्रमाणाबाहेर चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच तिचा अधूनमधून ईसीजी काढतात. आणखी एक गोळी आहे, डसाटिनिब. तिच्यासोबत गॅसची गोळी घेतली तर औषध नीट अंगी लागत नाही. आजार एक, तालुका एक, आणि नियम तीन. आमच्या गावांत सल्ला फुकट मिळतो. या बाबतीत तो घेऊ नये, आणि देऊही नये.

[दृश्य: गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटवी. नारळ, सुपारीचे घोस, मधोमध लोंबणारं पपनस.]

माटवीतलं हे पपनस पाहून ठेवा. इमॅटिनिबच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ग्रेपफ्रूट खाऊ नका. आपण म्हणतो, ते आपल्याकडे कुठलं मिळायला? पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर. दोघांतही अशी द्रव्यं आहेत की जी आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या रसायनाला रोखतात, मग औषध रक्तात जास्त साठतं. पपनस गणपतीला वाहावं, प्रसादाची फोड भाऊंनी नातवाला द्यावी.

उलटंही होतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरचं फेनिटॉइन ही औषधं इमॅटिनिब भराभर मोडून टाकतात. गोळी रोज घेतोय आणि रक्तात मात्र पुरेशी नाही, असा प्रकार. म्हणून साध्या तापासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं तरी फाइल सोबत. मेडिकलमधून आपल्या मनाने अंगदुखीची गोळी नको, आणि कुणी आणून दिलेला काढाही डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको. मुळीबद्दल कुणाची श्रद्धा दुखवायची नाही. पण मुळीवर कागद नसतो, एवढं खरं.

[दृश्य: भाताची गिरण. वजनकाट्यावर भाऊ.]

दर रविवारी भाऊ गिरणीतल्या काट्यावर उभे राहतात. गिरणवाला विचारतो, "कितको भात?" ही मस्करी आता जुनी झाली. वजन बघायचं कारण म्हणजे या औषधाने अंगात पाणी साठतं. सकाळी पापण्या सुजतात. बंदरावर सुरुवातीला लोक म्हणायचे, रात्री जास्त झाली काय? पापण्यांची सूज बहुतेकांना येते आणि ती चालते. पण आठवड्यात वजन दोन-तीन किलोंनी चढलं, पायांवर सूज आली, धाप लागली, तर रविवारची वाट बघायची नाही. तसंच ताप शंभराच्या वर गेला, हिरड्यांतून रक्त आलं, शौच काळं झालं, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी फोन.

जाळं ओढताना पोटऱ्यांत गोळे येतात, तेही या औषधाचंच. आणि उन्हात राबणारे भाऊ हळूहळू उजळत चाललेत. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाही ही गोळी थोडी आवरते. वाडीचं म्हणणं, मुंबईचं पाणी लागलं.

[दृश्य: स्टीलचा डबा, आत गोळ्यांच्या स्ट्रिप. बाहेर मुसळधार पाऊस.]

पावसाळ्यात इथे मिठाचं पाणी होतं आणि आगपेटी पेटत नाही. म्हणून गोळ्या स्ट्रिपमध्येच, स्ट्रिप घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा चुलीपासून आणि न्हाणीपासून लांब, नातवाचा हात पोचणार नाही अशा फळीवर. सून गरोदर आहे, तिला काकी या डब्याला हात लावू देत नाहीत. स्ट्रिपमधल्या अख्ख्या गोळीने काही होत नाही, पण तुटलेली किंवा कुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. गोळी गिळवत नसेल तर कुटायचीच नाही. पेलाभर पाण्यात टाकली, चमच्याने ढवळली की विरघळते, मग लगेच प्यायची.

आम्हाला वाटलं होतं, भाऊंची गोळी चुकत असेल ती मासेमारीच्या धामधुमीत. तसं नाही. ती चुकते बंदीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. भाऊ उशिरा उठतात, पेज अकराला, कधी बाराला, कधी नाहीच, नुसता चहा. घड्याळ बिघडलं की गोळी राहते.

एखादी राहिली तर काय होतंय? लंडनमध्ये सीएमएलच्या ८७ रुग्णांना झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या दिल्या होत्या. बाटली केव्हा उघडली याची नोंद व्हायची. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांचा आजार चांगला दबला, त्याहून कमी घेणाऱ्यांत फार थोड्यांचा. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या राहिल्या. तीनच.

राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीने घ्यायची नाही. आणि बरं वाटतंय म्हणून बंद तर अजिबात करायची नाही. काही रुग्णांची गोळी पुढे थांबवतात, पण वर्षानुवर्षं रिपोर्ट उत्तम आल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, वरचेवर रक्त तपासत.

[दृश्य: संध्याकाळ. ओटीवर पिशवी भरलेली. फाइल, टॉवेल, दशम्या.]

उद्या संध्याकाळी कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस, परवा सकाळी दादर, तिथून परळ. टाटा हॉस्पिटलमध्ये दर तीन महिन्यांनी पीसीआरची तपासणी असते, रक्तात त्या चुकीच्या जोडाचा अंश किती उरलाय ते मोजणारी. काहीजण गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात, जवळ पडतं म्हणून. भाऊंनी परळ सोडलं नाही. रांगेत पेजेची वेळ टळते, म्हणून परवाची गोळी शर्टाच्या खिशात आणि दशम्या हाताशी.

काकी डबा उपडा करतात. जमिनीवर स्ट्रिप मांडून दोघं मोजायला बसतात. हिशेबाने आज चार उरायला हव्यात. पाच आहेत.

भाऊ पुन्हा मोजतात. पाचच.

भिंतीवरची दिनदर्शिका खाली येते. प्रत्येक दिवसावर काकींची बारीक फुली. बोट तारखांवरून सरकत जातं आणि पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनावर थांबतं. चौकोन कोरा. त्या दिवशी घरात पंचवीस माणसं होती, आरती होती, आणि पेज कुणी केलीच नव्हती.

"डॉक्टराक सांगू नको," भाऊ म्हणतात.

काकी फाइल उघडतात, पेन शोधतात, तारीख घालतात आणि पुढे मोठ्या अक्षरात लिहितात: गोळी रवली.